पंचविसाव्या फेरीवर थांबलेला तक्ता

वाचकांचे प्रश्न : खेळ विभाग

प्रश्न : मी नाशिकरोडच्या एका शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालो. २०१९-२० मध्ये माझा भाचा फ्रान्समधील पो या शहरात शिकायला होता आणि तिथल्या, तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या पो एफसी या फुटबॉल क्लबचे सामने पाहायला जात असे. त्याच्या नादाने मीही त्या तिसऱ्या श्रेणीचा गुणतक्ता दर आठवड्याला वहीत मांडू लागलो. ती वही अजून माझ्याकडे आहे. सव्विसाव्या फेरीचा रकाना आखलेला आहे, पण तो कोराच राहिला. पो क्लब उरलेले सामने न खेळता वरच्या श्रेणीत गेला याचा भाच्याला फार आनंद झाला, मला मात्र ते आजही पटलेले नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या आंतरशालेय साखळी स्पर्धेतही सामने राहून गेले आणि आयोजकांनी त्या दिवशीच्या तक्त्यावरून विजेता जाहीर केला. एका गुणाने मागे राहिलेल्या संघाची मुले चिखलात बसून रडत होती. यंदा नियमावली लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. फ्रान्सने केले ते योग्य होते का? आणि आम्ही काय लिहावे?
— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिकरोड

उत्तर : आपल्या वहीतला तो कोरा रकाना हाच या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून आधी तो का कोरा राहिला हे नीट मांडतो.

फ्रान्समध्ये ‘लीग १’ आणि ‘लीग २’ या वरच्या दोन श्रेणी व्यावसायिक लीग मंडळ चालवते, तर तिसरी ‘नॅशनल’ आणि तिच्या खालच्या सर्व श्रेणी फ्रेंच फुटबॉल महासंघाच्या अखत्यारीत येतात. त्या हंगामात ‘नॅशनल’मध्ये १८ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला ३४ सामने खेळायचे होते. १३ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे फ्रान्समधले फुटबॉल थांबले, तेव्हा पंचवीस फेऱ्या झाल्या होत्या. पो आणि डंकर्क यांचे प्रत्येकी ५० गुण होते आणि बुलोनचे ४९. पहिले दोन संघ थेट ‘लीग २’मध्ये जाणार होते आणि तिसऱ्याला त्या श्रेणीतील अठराव्या संघाशी दोन सामन्यांची पात्रता लढत खेळायची होती. २८ एप्रिल रोजी पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी संसदेत सांगितले की, व्यावसायिक खेळांचा, विशेषतः फुटबॉलचा, तो हंगाम पुन्हा सुरू होऊ शकणार नाही. त्यानंतर ‘नॅशनल’ही तिथेच संपली. पो आणि डंकर्क वर गेले. बुलोनची पात्रता लढत झालीच नाही आणि अठराव्या स्थानावरचा निऑर हा क्लब न खेळता ‘लीग २’मध्ये टिकला. खालच्या टोकाला ल पुई, बेझिए, गाझेलेक आजाक्सियो आणि तुलाँ हे चार संघ उतरले.

हिशेब कसा केला, तेही पाहण्याजोगे आहे. सगळ्याच श्रेणींत सगळ्या संघांचे सामने सारखे झालेले नव्हते, म्हणून झालेल्या सामन्यांनी गुणांना भागून दर सामन्यामागची सरासरी धरली गेली. ‘नॅशनल’पुरते पाहिले तर पो आणि डंकर्कची सरासरी दोन येते आणि बुलोनची १.९६. नऊ फेऱ्या बाकी होत्या, म्हणजे प्रत्येक संघाला आणखी २७ गुण मिळवता आले असते. शतांश चारच्या फरकावर बुलोन या बंदराच्या गावाचे वर्ष ठरले.

सरासरीची ही पद्धत आपल्याकडच्या पालकांना अनोळखी नाही. त्याच मार्च महिन्यात दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्द झाला, आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने त्याचे गुण देण्यात आले. त्या वेळी कोणी फारशी तक्रार केली नाही, कारण एका मुलीला सरासरीने गुण मिळाले म्हणून शेजारच्या बाकावरच्या मुलीचे काही जात नव्हते. साखळी स्पर्धेत तसे नसते. तिथे दोनच जागा असतात आणि ज्याला जागा दिली, त्याच्यासाठी ती दुसऱ्या कोणाकडून काढून घेतलेली असते. शिवाय सरासरीला हे कळत नाही की, कोणाचे अवघड सामने आधी होऊन गेले आणि कोणाचे अजून यायचे होते, कोणाला उरलेल्या सामन्यांतले जास्त स्वतःच्या मैदानावर मिळणार होते.

तरीही मी फ्रेंच महासंघाला सरसकट दोष देणार नाही. माणसे मरत होती, रुग्णालये भरली होती, आणि खालच्या श्रेणीतल्या क्लबांची मिळकत मुख्यतः तिकीटविक्रीतून, स्थानिक प्रायोजकांकडून आणि नगरपालिकेच्या मदतीतून येते. रिकाम्या मैदानावर सामने भरवून त्यांच्या हाती काही लागणार नव्हते. दूरचित्रवाणीच्या पैशावर चालणाऱ्या वरच्या लीग मंडळालाही प्रक्षेपणाचे हप्ते थांबल्यावर सरकारी हमीने २२ कोटी ४५ लाख युरोंचे कर्ज घ्यावे लागले, तिथे तिसऱ्या श्रेणीची काय कथा! जर्मनीने मात्र आपली तिसरी श्रेणीसुद्धा मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा सुरू करून पूर्ण केली, त्यामुळे थांबणे हा एकमेव मार्ग होता असे म्हणता येत नाही. नेदरलँड्सने तिसराच मार्ग धरला. तिथे विजेता जाहीर झाला नाही, कोणी वर गेले नाही, कोणी खाली आले नाही. दुसऱ्या श्रेणीत आघाडीवर असलेल्या काम्बूरला त्यामुळे तिथेच राहावे लागले. म्हणजे एकाच साथीत, एकाच खंडात, जवळपास सारख्याच परिस्थितीतल्या क्लबांना तीन तऱ्हेचा न्याय मिळाला.

माझा आक्षेप सरासरीला नाही, तो वेळेला आहे. ‘नॅशनल’च्या खालच्या श्रेणींसाठी सरासरीचा नियम महासंघाने १६ एप्रिलला जाहीर केला आणि तो १३ मार्चच्या तक्त्याला लावला. तक्ता आधी, नियम नंतर. ज्या दिवशी नियम ठरला, त्या दिवशी त्याने कोण वर जाणार आणि कोण खाली हे प्रत्येकाला कागदावर दिसत होते. अशा वेळी नियम करणारे कितीही प्रामाणिक असले, तरी हरलेल्याला तो नियम वाटत नाही, निकाल वाटतो. वरच्या श्रेणीत हेच भांडण न्यायालयात गेले. ९ जून रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हंगाम थांबवण्याचा निर्णय ग्राह्य धरला, पण आमियाँ आणि तुलूझ या क्लबांची पदावनती स्थगित करून लीग मंडळाला फेरविचार करायला सांगितले. अखेर ते दोन्ही क्लब खालीच गेले, पण एवढी यातायात करावी लागली, कारण अर्ध्यावर थांबलेल्या हंगामाचे काय करायचे याचे स्पष्ट उत्तर कोणत्याच पुस्तकात आधीपासून लिहिलेले नव्हते.

आपल्याकडे त्याच वर्षी आय-लीग ही फुटबॉल साखळी थांबली तेव्हा मोहन बागानच्या विजेतेपदावर वाद झाला नाही, कारण १० मार्चलाच, चार सामने राखून, त्यांनी ते गणिताने पक्के केले होते. खाली मात्र कोणालाच उतरवले गेले नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर मैदानावर मिळून गेले होते ते मान्य केले आणि ज्याचे मिळाले नव्हते त्याची शिक्षा कोणाला दिली नाही, ही गोष्ट मला फार योग्य वाटते.

आता आपल्या नियमावलीविषयी. नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये मैदानाचे काय होते हे मी आपल्याला सांगायला नको. गोलपोस्टसमोरच्या खड्ड्यात पाणी साचले की चेंडू तिथे आपटून उसळतच नाही, जागच्या जागी थबकतो. तेव्हा सामने राहणार हे गृहीत धरूनच लिहावे. प्रत्येक संघाचे किमान दोन-तृतीयांश सामने झाले असतील तरच तक्ता ग्राह्य धरावा, नाही तर त्या वर्षी विजेता नाही, असे पहिल्याच कलमात असावे. तक्ता ग्राह्य धरला तर सरासरी लावावी. पण पहिल्या दोन संघांमधले अंतर एका विजयाच्या गुणांपेक्षा, म्हणजे तीनपेक्षा, कमी असेल तर सरासरीवर विजेता ठरवू नये. मैदान मिळेल तेव्हा, दिवाळीनंतर का होईना, त्या दोघांचा एक सामना घ्यावा, आणि तोही शक्य नसेल तर दोघांना संयुक्त विजेते करावे. दोन ढाली कराव्या लागल्या तर खर्च थोडा वाढेल, पण शालेय स्पर्धेत तो करण्यासारखा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, पहिला सामना सुरू होण्याआधी हा कागद प्रत्येक शाळेच्या शिक्षकाने व कर्णधाराने वाचून त्यावर सही करावी. कर्णधाराची सही मी मुद्दाम म्हणतो. मुलाला आधी माहीत असेल तर तो हरेल, पण आपल्याला फसवले असे त्याला वाटणार नाही.

प्रश्न : २०२०-२१ चा हंगामही फ्रान्समध्ये थांबला होता, असे वाचले. मग त्या वेळीही सरासरी लावली का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : नाही, आणि वरच्या उत्तरातला माझा मुद्दा त्यामुळेच अधिक ठळक होतो. त्या वर्षी ‘नॅशनल’ पूर्ण खेळवली गेली. सव्विसाव्या फेरीचे रकाने सगळ्यांचे भरले आणि कोर्सिका बेटावरचा एससी बास्तिया पहिला येऊन ‘लीग २’मध्ये गेला. त्याच्या खालच्या हौशी श्रेणी मात्र ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस थांबल्या, आणि २४ मार्च २०२१ रोजी महासंघाने तो हंगाम ‘कोरा’ ठरवला. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. म्हणजे पाठोपाठच्या दोन वर्षांत, एकाच महासंघाने, एकाच साथीत, दोन अगदी उलट उत्तरे दिली. दुसऱ्या वेळी सामने फारच कमी झाले होते, हे कारण मला मान्य आहे. पण गंमत पाहा, हाच बास्तिया क्लब २०२० मध्ये चौथ्या श्रेणीतून थांबलेल्या तक्त्याच्या आधारे वर आला होता. त्याची आघाडी एक वर्ष उशिरा आली असती, तर तिचा काहीच उपयोग झाला नसता.

प्रश्न : बुलोनचे पुढे काय झाले?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : बुलोन-सुर-मेर हे फ्रान्समधले सर्वांत मोठे मासेमारी बंदर. फ्रांक रिबेरी याच गावचा, आणि एन्गोलो कान्ते हा पुढे विश्वविजेता झालेला खेळाडू उमेदीच्या काळात याच क्लबकडून खेळला. २००९-१० मध्ये हा क्लब थेट ‘लीग १’मध्येही होता. तो एक गुण कमी पडल्यावर त्यांचे दिवस फिरले. मध्यंतरी ते चौथ्या श्रेणीपर्यंत घसरले आणि तिथून परत वर आले. २०२४-२५ च्या ‘नॅशनल’मध्ये नान्सी पहिला, ल माँ दुसरा आणि बुलोन पुन्हा तिसरा आला. या वेळी पात्रता लढत खेळवली गेली. मे २०२५ मध्ये त्यांनी क्लेरमाँला हरवले आणि ते ‘लीग २’मध्ये गेले.