ताटातला आग्रह, काट्यावरचा आग्रह

‘मॅडम, ऑपरेशनला चार महिने झाले. सुरुवातीला भराभर उतरलं. आता तीन आठवडे काटा जागचा हलत नाही. माझं ऑपरेशन फुकट गेलं का?’

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. कुणाचे चार महिने झालेले असतात, कुणाचे दहा. कुणी रडत विचारतं, कुणी सर्जनवर चिडून. पुण्यात समुपदेशन करायला लागून मला बावीस वर्षं झाली. पूर्वी अशी माणसं वर्षातून एखाद-दुसरी येत, आता दर महिन्याला येतात. त्यांतल्या एकीबद्दल लिहिते, कारण तिच्याशी बोलताना मला जे सापडलं ते त्यानंतर मी अनेकांच्या कामी आणलं आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत. तिला सुनीता म्हणू.

सुनीता त्रेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरीला. वजन १०८ किलो, सहा वर्षांचा मधुमेह, जिना चढताना कुरकुरणारे गुडघे. जूनमध्ये तिची स्लीव्ह पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी उरते. ऑक्टोबरात ती माझ्यासमोर बसली तेव्हा वजन ८८ होतं. म्हणजे वीस किलो उतरले होते, साखरेच्या दोन गोळ्यांपैकी एक बंद झाली होती, आणि ती मान खाली घालून सांगत होती की ती हरली आहे.

‘डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. तोवर पंच्याहत्तर व्हायलाच पाहिजे.’

पहिल्या भेटीत मी तिला माहिती दिली. सुरुवातीच्या आठवड्यांत चरबीबरोबर शरीरातलं पाणी आणि साठवलेली साखरही जाते, म्हणून आकडा झरझर खाली येतो. पुढे शरीर लहान झालेलं असतं, त्याला कमी ऊर्जा पुरते, ते थोडं थांबतं, मग पुन्हा उतरू लागतं. असे थांबे बहुतेकांना लागतात, एकदा नाही, अनेकदा. वजन साधारण वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं. केस गळतात तेही शस्त्रक्रियेच्या आणि झपाट्याने वजन उतरण्याच्या ताणामुळे, बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, आणि प्रथिनं व लोह नीट पोटात जात असेल तर परत येतात. ती सगळं ऐकून घेऊन समाधानाने घरी गेली. ते समाधान रात्रीपर्यंतही टिकलं नाही.

दुसऱ्या भेटीत तिने मला मोबाइलमधली नोंद दाखवली. सकाळी ८८.४, बँकेतून आल्यावर ८८.९, झोपताना ८९.१. रोज तीन वेळा. ‘रात्रीचा आकडा पाहिला की यांच्याशी भांडण होतं,’ ती म्हणाली. दोन घोट पाण्याने बदलणारा आकडा तिची रात्र ठरवत होता.

मी विचारलं, ‘घरी कोण कोण धीर देतं?’

‘कोण देणार? कुणाला माहीतच नाही. यांना आणि नणंदेला सोडून सगळ्यांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय.’

‘का?’

‘लोक म्हणतील, आयती बारीक झाली. व्यायाम नको, पथ्य नको, पैसे टाकले आणि पोट कापून आली.’

हे ‘आयतं’ मी फार ऐकते आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. औषधाच्या इवल्याशा कपातून तीस-तीस मिलिलिटर डाळीचं पाणी दिवसभर पीत राहणं, मग आठवडेच्या आठवडे पातळ, मग मऊ, मग कुठे मुगाची खिचडी. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. चार घासांना वीस-पंचवीस मिनिटं. जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या. यात आयतं काय आहे? लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. त्यात भुकेची रसायनंच माणसाच्या विरुद्ध काम करत असतात. मधुमेह्याला इन्शुलिन घेतो म्हणून कुणी आयता बरा झाला म्हणत नाही.

पण सुनीतापुढे हे भाषण करून उपयोग नव्हता. तिने गुपित ठेवलं होतं आणि त्याची किंमत ती गणपतीत मोजून आली होती. गौरीजेवणाला जाऊबाईंनी ताटात दोन उकडीचे मोदक वाढले, वर तूप, वर ‘आजारातून उठलीयस, घे गं’ म्हणत तिसरा. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. सुनीताने घाईघाईत दीड मोदक गिळला आणि तिला भर पंगतीतून उठून बेसिनकडे धावावं लागलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, ‘हर्नियाला तीन महिने होऊन गेले, अजून पचत नाही हिला?’

‘पण त्या दिवसापासून मी शिकले,’ ती म्हणाली, आणि त्या भेटीत पहिल्यांदा तिचा आवाज थोडा चढला. ‘आता कितीही आग्रह होऊ दे, मी ताटावर असा आडवा हात धरते. बास म्हणजे बास.’ तिने टेबलावर तळहात आडवा धरून दाखवला.

तो हात पाहताना मला एकदम काहीतरी दिसलं.

‘आणि काट्यावर उभ्या राहता तेव्हा?’ मी विचारलं.

‘तेव्हा काय?’

‘तिथे आग्रह कोण करतं?’

तिला कळलं नाही. मी तिचंच वाक्य तिला परत दिलं : ‘डिसेंबरपर्यंत पंच्याहत्तर व्हायलाच पाहिजे. झेपत असो वा नसो, घे. अजून एक किलो घे.’

ती स्वतःच्या आडव्या हाताकडे बघत राहिली. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत. मग ती हळूच म्हणाली, ‘मीच की. पोटात जागा नाही तरी वाढत सुटलेली जाऊबाई मीच.’

मी ज्या विचारधारेत घडले ती अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती. तिचा गाभा असा की माणूस इच्छेने दुःखी होत नाही, इच्छेचा हट्ट झाला की होतो. ‘वजन उतरावं’ ही इच्छा, ‘उतरलंच पाहिजे, याच तारखेला उतरलं पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हा हट्ट. हे मी वर्षानुवर्षं लोकांना समजावत आले. पण आपल्या भाषेने त्यासाठी ‘आग्रह’ असा जिवंत शब्द आधीच देऊन ठेवला आहे, हे मला त्या दुपारी उमगलं. पंगतीतला आग्रहही प्रेमापोटीच असतो. वाढणाऱ्याला वाईट व्हावं असं वाटत नसतं, त्याला फक्त समोरच्याच्या पोटाचा अंदाज नसतो. सुनीताचा स्वतःला होणारा आग्रह तसाच होता. तिला स्वतःचं भलंच हवं होतं. शरीराला किती झेपतं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

म्हणून मी तिला स्वतःवर रागवायला सांगितलं नाही. आग्रह करून वाढणाऱ्यावर आपण ओरडत नाही, हसून हात आडवा धरतो. तेच काट्यावर करायचं. वजन फक्त सोमवारी सकाळी, एकदाच पाहायचं. एरवी काटा पलंगाखाली. पाय तिकडे वळले की हात आडवा धरायचा, अगदी खरोखर, हवेत. तिला हसू आलं, पण तिने केलं. पहिल्या आठवड्यात दोनदा हात हरला. तेही चालतं.

‘आणि डिसेंबरात पंच्याहत्तर नाही झालं तर?’ मी पुढच्या भेटीत विचारलं.

‘वाईट वाटेल.’

‘वाटू दे. त्यापुढे?’

तिने विचार केला. ‘त्यापुढे काही नाही. लग्न होईल. मी मिरवेन.’

दुसरं काम अवघड होतं. तिच्या कौतुकाचे सगळे दरवाजे तिने ‘हर्निया’ सांगून स्वतःच बंद केले होते. जे कष्ट कुणाला माहीत नाहीत त्यांची पाठ कोण थोपटणार? शस्त्रक्रिया सगळ्या गावाला सांगावी असं माझं म्हणणं नाही. ती प्रत्येकाची खासगी बाब आहे. पण जिथे तुम्ही रोज जेवता, त्या घरात ती लपवू नये, असं मी आता ठामपणे सांगते. सुनीताने दिवाळीच्या आधी जाऊबाईंना सांगितलं. टोमण्यांना काय उत्तर द्यायचं याची आम्ही तयारी केली होती, ती वापरावीच लागली नाही. जाऊबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, ‘मला आधी का नाही सांगितलंस? मी तुझ्या ताटात तीन मोदक वाढले गं.’ त्या दिवाळीत फराळाचं ताट सुनीतापुढे आलंच नाही. एका लहान वाटीत थोडी भाजलेल्या पोह्यांची चिवडा-भेळ आली, शेजारी घट्ट दही, जाऊबाईंनी वेगळं केलेलं. प्रत्येक घरात असं घडत नाही, मला माहीत आहे. पण घडण्याची संधी तरी द्यायला हवी.

एक गोष्ट या शस्त्रक्रियेआधी फार थोडे जण बोलतात, ती म्हणजे अन्नाचं सुतक. वर्षानुवर्षं बँकेतून निघाल्यावर सुनीता कोपऱ्यावरच्या गाडीपाशी थांबून वडापाव खायची. ‘दिवसातली ती दहा मिनिटं फक्त माझी असायची,’ ती म्हणाली. सर्जनने जठर लहान केलं, ती दहा मिनिटं तशीच रिकामी राहिली. पोट भरलेलं असताना, भूक नसतानाही संध्याकाळी सहाला तिचा जीव कासावीस व्हायचा आणि तिला वाटायचं आपण हावरट आहोत. ती हावरट नव्हती. तिचा एकुलता विसावा गेला होता आणि त्याबद्दल कुणी तिला ‘वाईट झालं’ म्हणालं नव्हतं. मी म्हणाले. मग आम्ही त्या वेळेसाठी दुसरं काही शोधलं. तीन-चार गोष्टी फसल्या. शेवटी टिकलं ते बागेतल्या बाकावर बसून माहेरी बहिणीला फोन. तुमचंही असं काही गेलं असेल तर आधी त्याचं वाईट वाटू द्या. त्याच्या जागी लगेच व्यायाम कोंबू नका.

हुरूप टिकवायला काट्याखेरीज दुसरी मापं लागतात, आणि ती ज्याची त्याने ठरवावी. सुनीताच्या वहीत होतं : जमिनीवर मांडी घालून बसता येणं, आईच्या बांगड्या साबण न लावता हातात जाणं, बँकेचा जिना न थांबता, तीन महिन्यांची सरासरी साखर. दुसऱ्यांच्या आकड्यांपासून मात्र दूर राहा. रुग्णांच्या व्हॉट्सॲप गटांमधून आहाराच्या युक्त्या आणि धीर जरूर घ्या. पण ‘माझे चार महिन्यांत पस्तीस गेले’ हे वाचून जेवण सोडू नका. त्याचं मूळ वजन वेगळं, शस्त्रक्रिया कदाचित बायपासची (जठर लहान करून ते थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची), वय वेगळं, बाई-पुरुष फरक वेगळा. थांब्याच्या काळात उपाशी राहणं तर सर्वांत वाईट, कारण आधीच साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं पोटात घालायला दिवस पुरत नाही.

घरच्यांनाही एक सांगायचं आहे. ‘अजून किती राहिलं?’ हा प्रश्न विचारू नका. ‘आज काय जमलं?’ विचारा. सुनीताच्या नवऱ्याला हा बदल जमायला महिना लागला, पण जमला.

लांबचंही आधीच सांगून ठेवते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या हजारो लोकांकडे कितीतरी वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांचं वजन साधारण पहिल्या वर्षाच्या सुमारास सर्वांत खाली गेलं, नंतर काही वर्षं थोडं वर सरकलं आणि मग मूळ वजनाच्या बरंच खाली स्थिरावलं. शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच लोकांपेक्षा त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाणही कमी राहिलं. तेव्हा दोन-तीन वर्षांनी चार किलो परत आले तर तोंड लपवून तपासण्या बुडवू नका. नेमकं तेव्हाच डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे जायचं असतं.

काही गोष्टी मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडायच्या नाहीत. सतत उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. अशा वेळी बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने घटून मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते. दारूपासून दूर राहा. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, ती पटकन आणि जास्त चढते, आणि अन्नाची जागा दारूने घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पहिलं वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात, तेही पाळा. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर वजन उतरत असलं तरी बोला. शासनाची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते.

डिसेंबरात भाचीच्या लग्नात सुनीता ८४ किलोची होती. मला कळलं ते तिने पाठवलेल्या फोटोखालच्या ओळीतून, ‘पैठणीचा ब्लाउज दोनदा आत घ्यावा लागला.’

शेवटची भेट फेब्रुवारीत झाली. रथसप्तमीच्या आत उरकलेल्या हळदीकुंकवाबद्दल ती भरभरून बोलत होती. तिने सतरंजीवर मांडी घालून तासभर गप्पा मारल्या होत्या, तिळगुळाचा एक छोटा लाडू पाव-पाव करत संपवला होता, आणि शेजारणीने बारीक होण्याचं रहस्य विचारल्यावर खरं तेच सांगितलं होतं. जाऊबाईंनी आपली साखर तपासून घेतली होती, ती वाढलेली निघाली, आता दोघी सकाळी एकत्र चालायला जातात. तास संपला, ती उठली, चपला घातल्या, दार उघडलं आणि अर्ध्यातून वळली.

‘अगं बाई, मॅडम,’ ती म्हणाली, ‘वजन सांगायचं राहिलंच!’