तपासणीचं बिल विमा कंपनी का देत नाही?

प्रश्न : वय ४२, केळीची शेती. वडिलांना ४८व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, म्हणून जळगावला जाऊन ईसीजी, लिपिड प्रोफाइल आणि टूडी इको करून घेतला. विमा कंपनीने बिल नाकारलं. ‘एक रात्र ॲडमिट झाला असता तर पैसे मिळाले असते,’ असं सगळे सांगतात. या तपासण्या विम्यात सक्तीच्या का नाहीत?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : ॲडमिट होण्याचा सल्ला अजिबात ऐकू नका. निव्वळ तपासणीसाठी झालेली भरती पॉलिसीत वगळलेली असते. वगळलेल्या बाबींच्या यादीत कोड ०४ वाचा. क्लेम तर जातोच, खोलीचं भाडंही अंगावर पडतं.

तपासणीचे पैसे मिळतात ते ‘हेल्थ चेकअप’ या वेगळ्या लाभातून, तोही पॉलिसीत असेल तरच. त्याची रक्कम, कोणत्या तपासण्या आणि कोणती लॅब हे ठरलेलं असतं. बहुतेकदा आधी कंपनीला फोन करून अपॉइंटमेंट घ्यावी लागते. परस्पर लॅबमध्ये जाऊन मागाहून बिल पाठवलं, की गाडी अडते. वयाची ३० वर्षं झालेल्यांना बीपी आणि शुगर तपासणी गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत मिळते.

सक्ती हवी, हे आमचंही मत. अमेरिकेत टेक्सास राज्याने २००९मध्ये तसा कायदा केला : ४५च्या पुढचे पुरुष आणि ५५च्या पुढच्या महिला यांच्यापैकी ज्यांना मधुमेह किंवा मध्यम ते जास्त धोका आहे, त्यांच्या हृदयविकाराच्या स्कॅनसाठी दर पाच वर्षांनी २०० डॉलरपर्यंत विमा कंपनीने द्यायचे. आपल्याकडे सरसकट स्कॅनची गरज नाही. बीपी, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) एवढं प्रत्येक पॉलिसीत आलं तरी पुष्कळ.

तुमच्या रिपोर्टविषयी एक महत्त्वाचं. विश्रांती घेताना, झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे ब्लॉकेज नाही, असं होत नाही. इकोत हृदयाचं पंपिंग आणि झडपा दिसतात, रक्तवाहिन्यांतले अडथळे थेट दिसत नाहीत. वडिलांचं ४८ हे वय डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुरुषाला ५५च्या आत झटका येणं हा घराण्यातला धोका मानतात. लिपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा, बहुतांशी आनुवंशिक घटक) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या, ती नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसते.

रिपोर्टमध्ये काही निघालं तर विमा जाईल, या भीतीने बरेच जण तपासणीच टाळतात. पॉलिसी घेतल्यानंतर पहिल्यांदा सापडलेला आजार ‘आधीचा आजार’ धरला जात नाही. नवी पॉलिसी घेताना मात्र तो फॉर्ममध्ये लिहाच. त्यासाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षं असतो. लपवलेला आजार उघड झाला तर ऐन दवाखान्यात क्लेम अडकतो.