गुरुजींचा चहा गुरुजींनाच करू दे

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: "यजमान 41 वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सात महिन्यांपूर्वी गच्चीवरची टाकी धुताना पडले, मणका मोडला. ऑपरेशन करून रॉड बसवले. डॉक्टर म्हणाले, यशस्वी झालं. पण कमरेखाली काहीच कळत नाही. लघवीला कायमची नळी. अंघोळ, कपडे, चहा सगळं मी हातात देते. ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. परवा म्हणाले, 'त्याच दिवशी गेलो असतो तर बरं.' सासूबाई पायांना विटेचा शेक देतात. दीर म्हणतात, राजीनामा देऊन टाका. माझं काय चुकतंय?"

बाई गं, चुकत काही नाही. पण तो शेक आजच थांबव. ज्या कातडीला गरम कळत नाही, ती भाजली तरी कळत नाही, आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. सासूबाईंना रागावू नकोस, मुलासाठी काहीतरी करावं म्हणूनच त्या वीट तापवतात. त्यांना दुसरं काम दे: रोज सकाळी माकडहाड, कुल्ले, टाचा बघायच्या, कुठे लाल डाग दिसतो का. पडून पडून होणाऱ्या जखमेची ती सुरुवात असते.

'यशस्वी' या शब्दाने तुमच्या घरात फार गोंधळ केलाय. ऑपरेशनने मोडलेलं हाड जागेवर बसवलं, कण्यातून मेंदूचे निरोप पायांकडे नेणाऱ्या मज्जारज्जूवरचा दाब काढला. दुखावलेला मज्जारज्जू टाके घालून जोडता येत नाही. सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या वर्षभरात दिसते. पुढे काय अपेक्षा धरायची, हे डॉक्टरांना गुरुजींच्या समोरच विचार. त्यांच्या पाठीमागे नको.

माझ्या धाकट्या भावाचंही असंच झालं, झाडावरून पडून. घरी आल्यावर पहिल्यांदा स्वतः पँट घालायला त्याला चाळीस मिनिटं लागली. वहिनी पॅसेजमध्ये बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून, चुकून उठून मदत करू नये म्हणून. तो आतून शिव्या घालत होता. आम्हाला वाटलं, काय हा निर्दयपणा! पण त्या दिवशी दुपारी तो आपणहून जेवायला बाहेर आला. आज त्याची शेगडी चाकाच्या खुर्चीच्या उंचीला बसवलेली आहे आणि सकाळचा चहा तोच करतो.

गुरुजींचे हात शाबूत आहेत. नळी कायम आत ठेवण्याऐवजी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ धुतलेल्या हाताने स्वतः घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर, हे बऱ्याच जणांना शिकता येतं. तपासून कुणीतरी शिकवायला हवं. संडासचीही ठरलेली वेळ बसवता येते. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे चौकशी कर. ही दोन कामं त्यांच्या हाती आली की लाज अर्धी होईल. ते भिंतीकडे तोंड करतात ते पायांपेक्षा या लाजेमुळे, असं मला वाटतं.

राजीनामा अजिबात नाही! दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 20: सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर नोकरीवरून काढता येत नाही, हुद्दाही कमी करता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. दिरांना हे वाचून दाखव आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे लाग.

'गेलो असतो तर बरं' हे वाक्य मात्र हलक्यात घेऊ नकोस. 'असं बोलू नका' म्हणून त्यांना गप्पही करू नकोस. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचार. 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक चोवीस तास मोफत बोलतात. तूही बोल. आणि मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगायला लोक येतीलच: 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, 1972 ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण. गोष्ट खरी आहे, मोठी आहे. पण ज्या माणसाला अजून खाटेवरून खुर्चीत बसता येत नाही, त्याला ती आज टोचेल. थोडी थांबू दे.

पत्राच्या शेवटी दोन ओळी खोडल्या आहेस, तरी वाचता येतात. नवरा-बायको म्हणून आपलं काय, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यावर उपचार आहेत, दोघांनी मिळून पुनर्वसनाच्या डॉक्टरांना विचारा. तोवर, रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला उठतेस ना, तेव्हा काम उरकून लगेच आपल्या अंथरुणावर परतू नकोस. थोडा वेळ तिथेच, त्यांच्या शेजारी पड.