आघातानंतरचे उपचार : माजी सैनिक, अग्निशमन आणि पोलीस कुटुंबांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रे सातारा-सांगलीकडच्या माजी सैनिकांच्या घरांतून आली आहेत. काही पत्रे अग्निशमन दल, पोलीस आणि १०८ रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझे पती चार वर्षांपूर्वी हवालदार म्हणून निवृत्त झाले. काश्मीरमध्ये दोनदा पोस्टिंग झाली होती. रात्री ओरडत उठतात. एकदा हलवून जागं केलं तर त्यांनी माझा गळाच धरला. लग्नकार्यात दाराकडे तोंड करून, भिंतीला पाठ टेकून बसतात. दिवाळीत फटाके सुरू झाले की आतल्या खोलीत जातात. डॉक्टरांचं नाव काढलं की "मी वेडा नाही" म्हणतात. सासूबाईंना हे बाहेरचं वाटतं.

तुमच्या वर्णनात घटना स्वप्नांतून परत येणं आहे, तिची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं आहे आणि शरीर सतत पहाऱ्यावर असणंही आहे. यांच्या जोडीला मन बधिर होणं, माणसांपासून तुटणं किंवा सतत स्वतःला दोष देणं असेल, हे सगळं एक महिन्याहून अधिक टिकलं असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर तज्ज्ञ पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराचा विचार करतात. भयंकर प्रसंगातून गेलेली बरीचशी माणसं पहिल्या काही महिन्यांत आपोआप सावरतात. इतक्या वर्षांनी मात्र ते आपोआप ओसरेल, यावर विसंबून राहू नका.

आधी आजच्या रात्रीचं बघू. त्यांना हलवू नका, अंगावर वाकू नका. दिवा लावा आणि पायथ्याशी किंवा दारात उभं राहून हाक मारा. नाव घेत नसाल तर "अहो, आपण घरी आहोत" असं गावाचं नाव घेऊन दोन-तीनदा सांगा. काही महिने वेगळं अंथरूण घातलं तर त्यात कमीपणा नाही. झोपेत गळा धरला तो जाणूनबुजून नव्हे. पण जागेपणी हात उचलत असतील, तर आजाराच्या नावाखाली ते खपवून घेऊ नका. अशा वेळी ११२ ला फोन करा.

डॉक्टरांकडे नेताना विषय झोपेवरून काढा. "झोप लागत नाही, तेवढं दाखवू" हे खरंही आहे आणि फौजी माणसाला पटणारंही. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफरल मिळतो. त्यांच्या पलटणीतलं कोणी उपचार घेऊन सावरलं असेल तर त्याच्या एका फोनने घरच्यांच्या दहा विनवण्यांचं काम होतं. ते तयार होईपर्यंत तुम्ही स्वतः टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. तिथे मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे आणि सेवा चोवीस तास चालू असते. डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात या सेवेचा वेगळा कक्षही सुरू झाला.

तपासणीत पीसीएल-५ ही प्रश्नावली वापरतात. तिच्यात मागच्या महिन्याबद्दल २० प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०. बेरीज ३१ ते ३३ च्या वर गेली तर सविस्तर मुलाखत घेतात. नुसत्या बेरजेवरून निदान होत नाही. ते जोरात घोरत असतील, जवळ स्फोट झाल्याचा इतिहास असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर हे मुद्दाम सांगा. झोपेत श्वास अडकणं आणि डोक्याला बसलेला जुना मार यांनीही झोप बिघडते आणि चिडचिड वाढते.

सासूबाईंशी वाद घालू नका. अंगारा लावला तर लावू दे. गोळ्या बंद करणं, उपाशी ठेवणं, मारणं किंवा धुरी देणं मात्र चालणार नाही.

प्रश्न : थेरपिस्ट म्हणतात, त्या दिवसाचं सगळं पुन्हा सांगावं लागेल. जे विसरायला दहा वर्षं धडपडतोय तेच उकरून काय मिळणार? आणखी बिघडलं तर?

आठवण आली की विषय बदलायचा, ती वाट टाळायची, टीव्ही बंद करायचा. प्रत्येक वेळी लगेच सुटल्यासारखं वाटतं आणि त्या सुटकेतूनच मेंदू शिकतो, की टाळलं म्हणून वाचलो. आठवण म्हणजे ती घटना नव्हे, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. दहा वर्षांची धडपड वाया जाते ती अशी.

उपचाराच्या तीन पद्धतींना भक्कम आधार आहे. पहिली प्रोलाँग्ड एक्स्पोजर. हिची साधारण ८ ते १५ सेशन्स असतात, प्रत्येक सुमारे ९० मिनिटांचं. सुरुवातीच्या एक-दोन भेटींत माहिती, श्वासाचा सराव आणि टाळलेल्या गोष्टींची यादी होते. त्यानंतर डोळे मिटून, आत्ता घडतंय अशा वर्तमानकाळात तो प्रसंग ३० ते ४५ मिनिटं सांगायचा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. दर काही मिनिटांनी त्रास ० ते १०० मध्ये किती, हे विचारलं जातं. सांगून झाल्यावर १५-२० मिनिटं त्यावर बोलणं होतं. याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं असतं. शिवाय यादीतल्या जागी प्रत्यक्ष जायचं असतं. त्रास ४०च्या आसपास असेल अशा ठिकाणापासून सुरुवात होते, उदाहरणार्थ दुपारचा रिकामा एसटी स्टँड, मग गर्दीच्या वेळचा स्टँड, मग आठवडी बाजार, मग हॉटेलात दाराकडे पाठ करून चहा. दर वेळी त्रास बराच उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. पाच मिनिटांत निघून आलात तर टाळण्याचाच सराव होतो.

दुसरी पद्धत कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. हिची १२ सेशन्स असतात, प्रत्येक ५० ते ६० मिनिटांचं. हिच्यात तपशीलवार वर्णन करावंच लागतं असं नाही. घटना का घडली असं तुम्हाला वाटतं आणि तिने तुमचं स्वतःबद्दलचं, जगाबद्दलचं मत कसं बदललं, हे साधारण पानभर लिहायचं. त्यातून अडकून बसलेली वाक्यं शोधली जातात : "दोन मिनिटं आधी पोहोचलो असतो तर तो वाचला असता", "कुणावर विश्वास टाकायची सोय नाही". मग प्रत्येक वाक्याचा पुरावा तपासतात. लिहायची सवय नसेल तर तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहून घ्या, चालतं.

तिसरी ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींसह आठ टप्प्यांत चालणारी पद्धत. अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत या तिन्ही आहेत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये ईएमडीआरची शिफारस केली ती युद्धाबाहेरच्या आघातासाठी. म्हणून लढाईतल्या अनुभवासाठी आम्ही पहिल्या दोन पुढे ठेवू. अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेच्या कामातल्या आघातासाठी ईएमडीआरपासून सुरुवात करायला हरकत नाही.

बिघडतं कुठे? सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत काहींची स्वप्नं वाढतात आणि नेमकं तेव्हाच माणूस येणं बंद करतो. ही वाढ बहुधा तात्पुरती असते, पण ती आधी सांगायला हवी. सेशननंतर लगेच रात्रपाळी नको, मोटारसायकलवर एकट्याने लांबचा प्रवासही नको. दुसरी चूक थेरपिस्टची : पेशंट रडला की घाबरून विषय बदलायचा. तिसरी उलटी, पहिल्याच भेटीत सगळं ओकायला लावायचं. चांगल्या ठिकाणी दार दिसेल अशी खुर्ची तुम्ही निवडता, पुढे काय होणार ते आधी सांगतात आणि तुम्ही "थांबा" म्हणालात की थांबतात.

पण नुसत्या आपुलकीने पीटीएसडी हटत नाही. वर्षभर दर आठवड्याला छान गप्पा आणि रात्री तीच स्वप्नं, असं चाललं असेल तर तो उपचार नव्हे. दर एक-दोन आठवड्यांनी पीसीएल-५ भरून घ्यावं. १० किंवा अधिक गुणांची घट खरी मानतात. सहा-आठ सेशन्सनंतरही आकडा हलला नाही तर पद्धत बदलायला सांगा. सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारा : यातल्या कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण आहे, अंदाजे किती सेशन्स लागतील, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का.

आत्महत्येचा विचार तीव्र असेल, भास होत असतील किंवा सध्याच कोणाकडून जिवाला धोका असेल, तर आधी ते सावरतात आणि प्रसंग सांगण्याचं काम नंतर सुरू करतात.

प्रश्न : मी महापालिकेच्या अग्निशमन दलात अधिकारी आहे. मोठ्या दुर्घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी सगळ्या जवानांना एकत्र बसवून प्रत्येकाला "मन मोकळं कर" म्हणावं, अशी सूचना आली आहे. करावं का?

करू नये. ही कल्पना जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत आणीबाणीच्या सेवांतल्या लोकांसाठी मांडली. हेतू चांगला होता. नंतरच्या चाचण्यांत अशा एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही असं दिसलं आणि काही चाचण्यांत तर त्रास वाढलेला आढळला. नाइसनेही २०१८ मध्ये ती देऊ नये असं सांगितलं. बोलायची तयारी नसलेल्याला सक्तीने बोलतं करणं आणि ज्याने ते पाहिलंच नाही त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकवणं, यात भलं कमीच.

पंप, होज, वेळ, वायरलेस यांचा कामकाजी आढावा घ्या, पण त्यात भावना विचारू नका. पहिले दोन-तीन दिवस जेवण, अंघोळ, कोरडे कपडे, घरी फोन आणि सलग झोप यांची सोय हेच मोठं काम आहे. ज्याला बोलायचंय त्याच्याजवळ बसा, ज्याला नाही त्याला सोडा.

खरा बचाव घटनास्थळीच होतो. माळीण (२०१४) किंवा इर्शाळवाडीसारख्या (२०२३) ठिकाणी मृतदेह काढण्याचं काम दिवसेंदिवस चालतं. तिथे तेच जवान सलग लावू नका. आत काय दिसणार आहे ते आधी स्पष्ट सांगा. नवख्याला जुन्याच्या जोडीला द्या. मृताच्या चेहऱ्याकडे, दप्तराकडे, पाकिटातल्या फोटोंकडे कामापुरतंच बघायचं, कारण ओळख जुळली की ते दृश्य जास्त चिकटतं. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवणं बंद करा.

महिन्याने सगळ्यांना प्रश्नावली द्या, चालक आणि नियंत्रण कक्षात फोन घेणाऱ्यांनाही. शेवटचा आवाज कानाने ऐकणारा ऑपरेटर हमखास विसरला जातो. कामाचा भाग म्हणून असे तपशील वारंवार समोर येणं हाही आघात आहे, हे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेत स्पष्ट नोंदलं आहे.

प्रश्न : भाऊ कॅन्टीनच्या कोट्यातली रम रोज पितो, कोटा संपला की बाहेरची. दवाखान्यात म्हणतात, आधी दारू सोड, मग आघाताचं बघू. हे बरोबर आहे का?

हा जुना नियम आहे. आता दोन्ही उपचार बरोबरीने करता येतात आणि तसेच करावेत, कारण स्वप्नांच्या भीतीने पिणारा माणूस स्वप्नं तशीच राहिली तर पुन्हा पितो. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते आणि स्वप्नं वाढतात.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. ६ ते २४ तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिनसह (बी-१ जीवनसत्त्व) सोडवा.

प्रश्न : तीन वर्षं झोपेसाठी अल्प्राझोलाम घेतोय. डोस वाढत चाललाय.

या गटातल्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत असं मार्गदर्शिका सांगतात. सवय लागते आणि थेरपीच्या कामात अडथळा येतो. पण उद्यापासून बंद करू नका, फिट येण्याचा धोका असतो. डॉक्टर हळूहळू, आठवड्यांच्या अंतराने डोस उतरवतील. औषध लागलंच तर सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन देतात. त्यांना ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन रात्री १ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आधी पलंगावर बसून मग उभं राहावं. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत ते प्लासिबोहून (औषध नसलेल्या नकली गोळीहून) सरस ठरलं नाही, तरी काहींना उपयोग होतो, म्हणून करून बघण्याजोगं.

प्रश्न : मी १०८ वर डॉक्टर होतो. एकच गाडी, दोन जखमी. ज्याला मागे ठेवलं तो गेला. मला भीती वाटत नाही, स्वतःची लाज वाटते. सगळे म्हणतात, "तुझी चूक नाही."

लोक हे वाक्य प्रेमाने म्हणतात, पण ते ऐकलं की पुढचं बोलणं बंद होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सैनिकांमधल्या अशा जखमेला मॉरल इंजुरी, म्हणजे नैतिक जखम, म्हटलं. इथे भीतीवरचा उपचार पुरत नाही. थेरपीत त्या मिनिटाला तुम्हाला काय माहीत होतं आणि नंतर काय कळलं, हे वेगळं काढतात. मग जबाबदारीची वाटणी कागदावर मांडतात : अपघात करणारा, दुसरी गाडी नसणं, अंतर, जखमेची तीव्रता आणि शेवटी तुम्ही. बहुतेकांनी सुरुवातीला सगळा वाटा स्वतःलाच दिलेला असतो. ज्यावर तुमचा विश्वास आहे अशा व्यक्तीला किंवा त्या मृतालाच समोर कल्पून बोलण्याचा भागही असतो. काहींच्या हातून खरोखर चूक झालेली असते. तिथे ती पुसत नाहीत. वाटा मान्य करून भरपाईचं काय करता येईल ते ठरवतात. नोकरी सोडणं, जेवण सोडणं ही भरपाई नव्हे.

अशा लाजेत आत्महत्येचा धोका असतो, म्हणून घरच्यांनी सरळ विचारावं : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. अनेक माजी सैनिक बँकेत गार्ड असतात आणि घरात परवान्याची बंदूक असते. अशा दिवसांत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. ते होईपर्यंत बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या ठिकाणी, कुलपात ठेवा.

प्रश्न : मी अजून सेवेत आहे. उपचार घेतले तर वरिष्ठांना कळेल का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार तुमची माहिती गोपनीय राहते. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. सैन्याच्या रुग्णालयात मात्र नोंद होते आणि वैद्यकीय श्रेणी बदलू शकते. ही श्रेणी ज्या शेप (SHAPE) पद्धतीने ठरते, तिच्यातला पहिला घटक मानसिक आरोग्याचाच आहे. श्रेणी खाली आली म्हणजे नोकरी गेली असं नाही. ठरावीक काळाने पुन्हा तपासणी होते आणि ती वरही जाते. बाहेर गुपचूप उपचार घेण्याचा मोह होतो, पण तुमच्याकडे शस्त्र असेल तर चालू औषधं युनिटच्या डॉक्टरांना माहीत असायलाच हवीत. शिवाय पुढे अपंगत्व पेन्शनचा दावा करायचा झाला तर सेवेत असतानाच्या याच नोंदी कामी येतात. प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा.