बोटीआधी पॉलिसीचं पहिलं पान वाचा

ठाण्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४४, हातात पगार सव्वा लाख, घरखर्च ५५ हजार, गृहकर्ज ३८ लाख बाकी. मुलगी १४ वर्षांची, वजन ४६ किलो. मुंबई बंदरात ऑप्टिमिस्ट, म्हणजे लहान मुलांची शिडाची बोट चालवते आणि आता तिला मोठी बोट हवी आहे. नवी इल्का ६ (एकट्याने चालवायची शर्यतीची शिडाची बोट) साडेआठ लाखांना पडते. त्यासाठी सहा लाखांची मुदत ठेव मोडावी की १३ टक्क्यांनी पर्सनल लोन काढावं, असा प्रश्न आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय: "पुढच्या परदेशी सरावाची चिंता नाही, त्यासाठी मुलीच्या नावाने पॉलिसी घेऊन ठेवली आहे."

त्या ओळीपाशी मी अडकलो. बोट जरा धक्क्याला राहू द्या.

पॉलिसीचं पहिलं पान तुम्ही जोडलंय. त्यात विमेदाराच्या रकान्यात मुलीचं नाव आहे, तुमचं नाव फक्त प्रस्तावक म्हणून. कमावणारे तुम्ही, कर्ज तुमच्या डोक्यावर आणि विमा शाळकरी पोरीच्या जिवाचा! उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ही पॉलिसी रुपया देणार नाही. हप्ता माफीचा रायडरही (तुमच्यानंतर पुढचे हप्ते माफ करणारी जोडसोय) दिसत नाही, म्हणजे दीड लाखाचा वार्षिक हप्ता वहिनींनी भरत राहायचा. कंपनीचा गट विमा दहा लाखांचा, तोही नोकरी आहे तोवर.

आता परतावा. दीड लाख गुणिले १५ वर्षं, साडेबावीस लाख भरायचे आणि शेवटी एजंटच्या कागदाप्रमाणे ३२ लाख मिळायचे. हे साधारण सव्वाचार टक्के झाले. बँकेतली साधी ठेव याहून बरी. त्यातही बोनस ठरल्याप्रमाणे मिळाला तर. मुलगी २०१२ ची, पॉलिसी संपणार २०३६ मध्ये. तुम्ही ब्रिस्बेनच्या २०३२ ऑलिंपिकचं स्वप्न लिहिलंय. पैसे त्यानंतर चार वर्षांनी हातात येणार, हे एजंटने सांगितलं नसेल.

तेव्हा आधी स्वतःचा दीड कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, साठाव्या वर्षापर्यंत. वर्षाला साधारण तीस-पस्तीस हजार जातील. कर्ज फिटून उरलेले १ कोटी १२ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिना साठ हजार, म्हणजे घर चालतं. एरवी मी सांगतो की नवी पॉलिसी हातात पडल्याशिवाय जुनीला हात लावू नका. इथे ती अट नाही, कारण जुनी तुम्हाला कुठलंच संरक्षण देत नाही. पाच हप्ते गेलेत. पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर ठेवल्यास) किती आणि सरेंडर केल्यास (मोडून पैसे घेतल्यास) किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागा आणि सहावा हप्ता भरायच्या आत ठरवा. "आतापर्यंत भरलेले वाया जातील" या भीतीपोटी अजून पंधरा लाख घालू नका.

आता बोट. इल्का ४, ६ आणि ७ या तिन्हींचा सांगाडा एकच असतो. बदलतं शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग. शीड अनुक्रमे ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. ४६ किलोची मुलगी पट्ट्यात पाय अडकवून कितीही बाहेर झुकली तरी जोराच्या वाऱ्यात इल्का ६ तिला पेलायची नाही. तिची बोट आज इल्का ४ आहे. वजन वाढलं की शीड आणि डोलकाठीचा तेवढा भाग बदला, सांगाडा तोच राहील. तुमच्या क्लबातला एक सदस्य सव्वातीन लाखांना देतोय म्हणता, ती जुनी बोट एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. पैसे ठेवीतूनच काढा आणि टर्म विमा भरून वाचलेले एक लाख पंधरा-वीस हजार दर वर्षी ठेवीत परत टाका. नव्या बोटीसाठी साडेआठ लाखांचं कर्ज काढलंत तर पाच वर्षं महिना १९ हजार, एकूण साडेअकरा लाखांच्या वर. पावसाळ्यात मुंबईत बोट ताडपत्रीखाली असते, हप्ता मात्र बाराही महिने चालू. शिवाय परदेशी स्पर्धेत आपली बोट कोण नेतं? तिथे भाड्यानेच घेतात.

"एकदा पदक आलं की प्रायोजक मिळेल" हे तुमच्या खर्चाच्या तक्त्यातून काढा. शिडाच्या शर्यतीत भारताला अजून एकही ऑलिंपिक पदक नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इल्का ४ चं रौप्य जिंकलेली नेहा ठाकूर देवासच्या शेतकरी घरातली, भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये घडलेली. त्याच स्पर्धेत इल्का ७ चं कांस्य मिळवलेला विष्णू सरवनन लष्करातला. दोघांच्याही मागे संस्था होती, बापाचं पर्सनल लोन नव्हतं. मुलीच्या प्रशिक्षकाला अशा संस्थांच्या निवड चाचण्यांचं विचारा.

आणि सरावासाठी नकली म्हणतात ते स्वस्त शीड घ्या. शर्यतीला चालत नाही, पण रोजच्या फडफडीने अधिकृत शिडाचा आकार बिघडतो तो वाचतो. अधिकृत शीड गुंडाळून नळीत ठेवा, घडी घालू नका.