जुन्या गाडीचं इंजिन करून घ्यावं की नवी गाडी घ्यावी?

प्रश्न: आमची २०१२ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक १ लाख ३८ हजार किलोमीटर चालली आहे. महिन्याभरापासून गाडी गरम झाली की सिग्नलला ऑइलचा लाल दिवा लागतो, रेस दिली की विझतो. आता इंजिनातून ठकठक आवाजही येतो. मेकॅनिक म्हणतात, ‘फुल इंजिन करावं (पूर्ण उघडून दुरुस्त करावं) लागेल, ७५ हजार धरा.’ गाडी आहे तशी दिली तर डीलर ७० हजार देतोय. चांगल्या स्थितीत १ लाख ६० हजारांना जाईल म्हणतो. शोरूमचा प्रस्ताव साडेसात लाखांच्या नव्या गाडीचा आहे: दीड लाख रोख, सहा लाख कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. आमची ३ लाखांची एफडी आहे. दोघांचं उत्पन्न मिळून ७८ हजार, घराचा हप्ता १८ हजार. पुढच्या वर्षी मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश. शाळेला मी एसटीने जाते, पण सासूबाईंना दर महिन्याला पुण्याला तपासणीला न्यावं लागतं. काय करावं? जाड ऑइल घालून गाडी विकून टाका, असंही एकाने सुचवलं. (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर: ताई, नमस्कार. हिशेबाआधी एक विनंती, आणि ती कळकळीची आहे. गाडी आजपासून चालवू नका. गॅरेजलासुद्धा टो करूनच न्या. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर ते वापरा. इंजिनातली बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर फिरतात. दाब गेला की धातू धातूवर घासतो. आज कदाचित फक्त बेअरिंगचा संच बदलून भागेल, पण असंच चालवत राहिलात तर क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) खराब होईल, आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, फुटला तर डीलरचे ७० हजारही राहणार नाहीत. विम्याची आशा धरू नका. साध्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, आणि इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

आता ७५ हजारांबद्दल. तुमच्या पत्रावरून दिसतं की मेकॅनिकने आवाज ऐकला, दिवा पाहिला आणि आकडा सांगितला. काहीच मोजलेलं नाही. त्यांचा अंदाज बरोबर असूही शकेल, पण न मोजलेल्या आकड्यावर मी तुम्हाला एफडीला हात लावू देणार नाही.

सगळ्यात आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. ऑइल कमी आहे का, त्याला पेट्रोलचा वास येतो का, मागच्या वेळी कोणत्या ग्रेडचं घातलं? मग ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी गेज (दाब मोजायचं मीटर) लावायला सांगा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दाब बघा. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. ढोबळमानाने, गरम इंजिन आयडलिंगला (रेस न देता) १० पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली आणि ३००० आरपीएमला ३०च्या बरंच खाली असेल तर दुखणं खरं आहे. दाब चांगला निघाला तर दोष स्विचचा, आणि तो भाग स्वस्तात येतो. मात्र तुमच्याकडे दिव्याबरोबर आवाजही आहे, म्हणून नुसत्या स्विचवर भागेल असं मला वाटत नाही.

आवाज कुठून येतो हेही बघायला हवं. वरून, हेडमधून (इंजिनच्या वरच्या भागातून) येणारी बारीक टकटक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची, असू शकते. टायमिंग चेनची खडखडही असू शकते, कारण चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ऑइलचाच दाब लागतो. खालून येणारी, रेस दिल्यावर वाढणारी जड ठकठक मात्र बिग एंडकडे, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकातल्या बेअरिंगकडे, बोट दाखवते. त्यासाठी मेकॅनिक एकेका सिलिंडरचं कॉइल सॉकेट काढून (त्याची ठिणगी बंद करून) ऐकतात. ज्या सिलिंडरला आवाज दबतो, त्याच्या रॉडचं बेअरिंग संशयित. शेवटी ऑइल काढून चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवायला सांगा आणि त्या वेळी स्वतः तिथे थांबा. ऑइलमध्ये सोनेरी किंवा तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग झिजलंय. ऑइल गाळणाऱ्या स्ट्रेनरची जाळी काळ्या गाळाने बुजलेली असेल आणि बेअरिंग शाबूत असतील, तर जाळी साफ करणं, गरज पडल्यास ऑइल पंप आणि नवं ऑइल-फिल्टर एवढ्यावर भागण्याची शक्यता आहे. ही सगळी तपासणी काही हजारांत होते. हा खर्च टाळू नका.

समजा, क्रँकपर्यंत काम गेलंय. तरी तुमच्यासमोरचा आकडा ७५ हजार नाही. गाडी ठेवलीत तर डीलरचे ७० हजार सोडताय, म्हणजे तुम्ही १ लाख ४५ हजार गुंतवताय. तीन वर्षांनी तिचे ६० हजार आले असं धरलं, तर वर्षाला सुमारे २८ हजार पडले. त्यात विमा, सर्व्हिसिंग आणि पेट्रोल मिळवा, आकडा सहज साठ हजारांच्या पुढे जातो. नोंदणीची पंधरा वर्षं २०२७मध्ये संपतील. मग फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचे ५ हजार आणि ग्रीन टॅक्सही आला.

आता नवी गाडी. सहा लाखांचा हप्ता सुमारे १२,४५० रुपये, पाच वर्षांत व्याज जवळजवळ १ लाख ४७ हजार. तीन वर्षांत गाडीची किंमत पावणेतीन लाखांनी उतरली असं धरलं, तर तेवढ्या काळातल्या व्याजासकट वर्षाला सव्वा लाखाच्या वर जातं. घराचा हप्ता धरून उत्पन्नाच्या ३९ टक्के हप्त्यांत, अर्धी एफडी रोख रकमेत, आणि त्याच वर्षी मुलीची फी. हे मला अजिबात पटत नाही. सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, हे शोरूमवाले आवर्जून सांगतील. बरोबरच आहे. तो दर तुमचं बजेट मात्र बदलत नाही.

तिसरा पर्याय तुमच्या पत्रात नाही, तो मला सर्वात विचार करण्याजोगा वाटतो. शाळेला तुम्ही एसटीने जाता, असं पत्रात लिहिलंय. म्हणजे गाडीचं मुख्य काम पुण्याची फेरी. ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी दिवसाला साडेचार हजार धरली तरी वर्षाचे ५४ हजार होतात. स्वतःची जुनी गाडी ठेवण्यापेक्षा हे महाग नाही. शिवाय सासूबाईंना घेऊन खंबाटकीच्या घाटात लाल दिवा बघत बसायची वेळ येणार नाही.

म्हणून माझं मत असं: दोष स्विच, जाळी किंवा पंपापुरता निघाला आणि खर्च २० हजारांच्या आत असेल, तर बिनधास्त करा. क्रँक गेलं असेल तर गाडी आहे तशी विका, वर्षभर भाड्याने भागवा, आणि मुलीचा प्रवेश झाल्यावर नव्या गाडीचा विचार करा. सासूबाईंसाठी रात्री-अपरात्रीही गाडी दाराशी हवीच असेल, तरच इंजिन करा. तेव्हाही एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (तारण ठेवून कर्ज) घ्या. त्याचा दर सहसा एफडीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, पंप, गॅस्केट, मजुरी असा वेगवेगळा लेखी अंदाज मागा, आणि काम झाल्यावर गरम इंजिनचा दाब बिलावर लिहून घ्या. भंगारातलं दुसरं इंजिन बसवायला कोणी सुचवलं तर आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो, हे लक्षात ठेवा. नाहीतर पुढे विमा आणि विक्री, दोन्हीकडे अडचण.

जाड ऑइल घालून विकणं मात्र मनातून काढून टाका. आवाज काही दिवस दबेल आणि मग एखाद्या कुटुंबाची गाडी हायवेवर बंद पडेल. दोष सांगून विका. डीलरने ७० हजार आवाज ऐकूनच सांगितलेत ना, तेवढं एकदा विचारून घ्या, म्हणजे वरचा हिशेब पक्का होईल. गेजचं रीडिंग आणि उतरवलेल्या चेंबरचा फोटो पाठवलात तर पुढचे आकडे मी मांडून देईन.