परदेशी दिवाळखोरीच्या मान्यतेचा पहिला अर्ज करताना

एका देशात सुरू झालेली दिवाळखोरीची कार्यवाही दुसऱ्या देशातल्या कोर्टाने मान्य करावी, यासाठीचा हा अर्ज लिहायला घेण्याआधी कागद जमवा: कार्यवाही सुरू झाल्याच्या आणि ती सांभाळणारा प्रतिनिधी नेमल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत, भाषांतर आणि त्या कर्जदाराविरुद्ध इतर देशांत चालू असलेल्या, तुम्हाला ठाऊक असलेल्या सगळ्या कार्यवाहींचं निवेदन. हे निवेदनच हमखास विसरतं. अनसिट्रलच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाच्या, 1997 च्या आदर्श (नमुना) कायद्यावर बेतलेल्या कायद्यांत ते सक्तीचं आहे, आणि पुढे काही बदललं तर कोर्टाला लगेच कळवणंही.

खरी लढाई कंपनीच्या मुख्य हितसंबंधांचं केंद्र कुठे, यावर होते. नोंदणीकृत कार्यालय तिथेच, एवढ्यावर विसंबू नका. ते गृहीतक खोडता येतं. कारभार कुठून चालतो, धनको कुणाशी व्यवहार करतात, बँक खाती, कर्मचारी, पत्रव्यवहार, सगळ्याचा पुरावा जोडा. परदेशातली कार्यवाही मुख्य, म्हणजे या केंद्राच्याच देशातली, ठरली तर दावे आणि जप्ती आपोआप थांबतात. दुय्यम, म्हणजे केंद्र नसलेल्या पण कंपनीचा व्यवहार असलेल्या देशातली, ठरली तर स्थगिती मागून घ्यावी लागते. दुय्यमसाठीसुद्धा कार्यवाही चालू असलेल्या त्या देशात माणसं आणि मालमत्ता किंवा सेवा यांच्या आधारे चालणारा, तात्पुरता नसलेला व्यवहार लागतो. नुसतं बँक खातं पुरत नाही.

निकाल लागेपर्यंत मालमत्ता हलण्याची भीती असेल, तर अंतरिम दिलासा त्याच दिवशी मागा.